कूलरसमोर ठेवलेला कॉम्प्युटर

आमच्या कुंभार पिंपळगावात चार वर्षांपासून एक गोष्ट सांगितली जाते. बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईने शाळेच्या निवृत्त विज्ञान शिक्षकाला जुना माल नवा म्हणून विकला आणि त्याचं चांगलं मशीन जाळलं. तो निवृत्त विज्ञान शिक्षक मी. गोष्ट खोटी आहे आणि ती मीच रचली. मशीन मी जाळलं. कसं जळलं, तेही मला त्याच दिवशी कळलं होतं.

हे लिहिताना मला स्वतःची किळस येते. तिला पश्चात्ताप वगैरे मोठं नाव देऊ नये. जेवताना तोंडात केस यावा आणि कितीही थुंकलं तरी जिभेला लागत राहावा, तशी ती आहे.

निवृत्तीनंतर मला कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळाचा नाद लागला. खऱ्या विमानात मी आयुष्यात बसलो नाही. पण खेळात ढगांवरून जाताना मला माझं गुडघ्याचं दुखणं आठवत नसे. पुण्याच्या मुलाने नवं मशीन घेतलं तेव्हा त्याचं जुनं मला पाठवलं. त्यावर खेळ चालायचा, पण रडतखडत. विमान वर असेपर्यंत ठीक; धावपट्टी जवळ आली, खालची घरं-झाडं दिसू लागली की चित्र अडकायचं. पुढचं चित्र येईपर्यंत विमान जमिनीत घुसलेलं असायचं. मला एकदा तरी विमान नीट उतरवायचं होतं, तेही पेन्शनमधून फार खर्च न करता.

म्हणून मी ते मशीन तिच्या दुकानात नेलं. ती माझीच विद्यार्थिनी. बौद्ध घरातली, आमच्या शाळेतून पुढे पॉलिटेक्निकला गेलेल्या पहिल्या दोन-तीन मुलींपैकी एक. तिने कॅबिनेटचं झाकण काढलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. आत पालीच्या लेंड्या होत्या, पंख्याला तेलकट धुळीची लव आली होती, आणि कोपऱ्यात वाळून कडक झालेलं पालीचं पिल्लू होतं. मी रुमाल नाकाला लावला. तिने ते पिल्लू शेपटीला धरून उचललं आणि बाहेर टाकलं.

"सर, दहावीत बेडूक आणला होता तुम्ही. सगळी पोरं पळाली, मीच धरला. आठवतं का?"

"आठवतं."

"तवाही तुम्ही रुमालच लावला होता."

मी हसलो. ती साफ करत राहिली आणि मी लांब उभा राहिलो. घाण तिने काढायची आणि मी उभं राहायचं, यात मला तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

तिने मला हिशेबातला मार्ग सांगितला. प्रोसेसर बदलायचा नाही, तो दमदार आहे. रॅम वाढवायची, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची, आणि खेळाचं चित्र सांभाळणारं ग्राफिक कार्ड वापरलेलं घ्यायचं. "वापरलेलं म्हणजे वापरलेलं हां सर. दोन वर्षं चाललेलं हाय. मी चार दिवस चालवून बघते, मंगच देते." दिलं तेव्हा बिलावर कार्डापुढे लाल पेनने 'वापरलेले' असं लिहून खाली रेघ मारली. नंतर वाद नको, म्हणाली.

माझा प्रोसेसर वेग वाढवता येणाऱ्यांपैकी होता. मशीन सुरू होताना आतल्या सेटिंगमध्ये जाऊन आकडे बदलले की तो कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त धावतो. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. फुकटात ताकद मिळते, पण प्रोसेसर तापतो, आणि वेग आणखी वाढवायचा तर त्याला विजेचा दाबही जास्त द्यावा लागतो. मग तो अधिकच तापतो. तिने माझ्यासमोर वेग थोडासा वाढवला, दाबाला हात लावला नाही, आणि दोन तास मशीन राबवून पाहिलं.

"इथंच थांबा सर. फेब्रुवारी हाय म्हणून बराबर चालून राह्यलं. एप्रिल लागला की हेही कमी करायचं. अन् झाकण बंद ठेवा, पाल घुसती."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा विमान नीट उतरवलं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती परात हातात घेऊन आली, पाहिलं, म्हणाली, "उतरलं का? मंग आता तुम्हीही उतरा खुर्चीवरून, चहा गार झाला."

तिथे थांबायला हवं होतं. पण मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. माझ्याच विद्यार्थिनीने मला 'इथंच थांबा' म्हणावं, हे मला आतून टोचत होतं. मी हिंदी व्हिडिओ बघू लागलो. विशी-पंचविशीतले लोक छातीठोकपणे आकडे सांगायचे आणि मी ते वहीत उतरवून घ्यायचो. मार्चमध्ये मी वेग वाढवला, नंतर दाब वाढवला. चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. मी मुलाला फोनवर आकडे सांगितले.

तो म्हणाला, "बाबा, एवढं नका करू. तिकडं उन्हाळा कसा असतो."

"मला शिकवू नको," मी म्हणालो.

एप्रिलमध्ये खोलीतच इतकं तापायला लागलं की मशीन दहा मिनिटांत आपोआप बंद पडायचं, तेही नेमकं विमान उतरताना. चांगला कूलिंगचा पंखा घ्यायचा तर पैसे पडणार होते. आणि घरात, खिडकीला, एक भलामोठा कूलर होताच. आमच्याकडे प्रत्येक घरात असतो तसा: पत्र्याचा, तीन बाजूंनी गवताच्या जाळ्या, खाली बोअरचं पाणी. मी पुठ्ठ्याची एक रुंद नळी केली, तिचं एक तोंड कूलरच्या पुढच्या जाळीला बांधलं, दुसरं कॅबिनेटच्या उघड्या बाजूला. झाकण काढून कपाटावर ठेवलं. प्रोसेसरचं तापमान नव्वदवरून पासष्टवर आलं. मला वाटलं, मी शोध लावला.

बायको दारात पदराने वारा घेत उभी होती. "माणसाला घाम अन् डबड्याला गारवा! अवो, त्याला आता पांघरूण पण घाला, सर्दी होईल."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला एवढं कळतं की त्या वाऱ्यानं माझे पापड वाळत न्हाईत."

तिला कळलं होतं. मला, ज्याने आठवीच्या मुलांना बाष्पीभवन शिकवताना कूलरचंच उदाहरण दिलं, त्याला कळलं नाही. खरं म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की हंड्याला आठवड्यात पांढरा थर येतो. कूलरच्या गवतावर मे महिन्यापर्यंत मिठासारखी खरपुडी जमते. पंखा जोरात असला की त्या पाण्याचे बारीक तुषार हवेबरोबर येतात. ते सगळं मी पुठ्ठ्याच्या नळीतून थेट मदरबोर्डवर, सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीवर, सोडत होतो, रोज चार-पाच तास.

मेच्या शेवटी एका दुपारी चट् असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मी वाकून पाहिलं. बोर्डावर पांढरे ठिपके होते, जिथे कार्ड बसतं तिथल्या पिनांवर हिरवट-पांढरा बुरा चढला होता, आणि एका जागी काळा डाग. मी बोट लावून ते जिभेवर ठेवलं. खारट-तुरट. आमच्या हंड्याची चव.

मग मी जे केलं ते सावकाश, शुद्धीवर राहून केलं. नळी काढून फाडली. स्पिरिट आणलं, जुना दात घासायचा ब्रश घेतला, आणि तासभर तो बोर्ड घासत बसलो. पांढरं सगळं निघेपर्यंत घासला. बायको एकदा आत आली, बघून परत गेली. शेवटी झाकण लावलं, स्क्रू आवळले. मुलाने फोनवर विचारलं, काय झालं? त्याने बजावलं होतं, म्हणून त्याला खरं सांगणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "त्या बाईने बसवलेलं कार्ड खराब निघालं. जुनं होतं, नवं म्हणून दिलं." त्या रात्री लाल पेनचं ते बिल मी फाडून चुलीत टाकलं.

मशीन तिच्याकडे नेलं. तिने उघडलं, टॉर्च मारला, बराच वेळ आत पाहिलं.

"सर, कूलरसमोर ठेवला होता का?"

"बिलकुल नाही. तुझं कार्डच खराब होतं."

तिने पुन्हा आत पाहिलं. मग झाकण लावलं. "बरं," म्हणाली. ग्राफिक कार्ड बदलून देते, बोर्ड मात्र गेला, असं सांगितलं. मी कार्ड घेतलं नाही. घेतलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं, आणि मला ते मिटायला नको होतं; दोष तिच्यावरच राहायला हवा होता.

जूनमध्ये शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली. वर्षभर ती सांभाळायचं काम कुणाला द्यायचं, यासाठी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. तिने अर्ज केला होता. ती गावातली, शाळेचीच विद्यार्थिनी, आणि आसपास हे काम येणारं दुसरं कुणी नव्हतं. काम तिलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मला जाणकार म्हणून बोलावलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "सर, तुमचं तिच्याकडंच काम होतं ना? कसा काय अनुभव?"

मी म्हणालो, "जुनं कार्ड नवं म्हणून दिलं. मशीन जळालं."

एक सदस्य म्हणाला, "त्यांच्याकडून दुसरं काय होणार?" दोघे-तिघे हसले. कुणीही बिल मागितलं नाही, तिला बोलावून विचारू असं कुणी म्हणालं नाही. ते वाक्य कुणाच्या तरी तोंडून येणार हे मला माहीत होतं. आज खरं सांगतो, त्याच वाक्याच्या भरवशावर मी बोललो होतो. तिच्याऐवजी आमच्यातल्या कुणा शेतकऱ्याच्या मुलाचं दुकान असतं, तर मला पुरावा द्यावा लागला असता. मी समोरच्या बशीतला चिवडा खाल्ला.

काम जालन्याच्या एका माणसाला गेलं. तो वर्षातून दोनदा येतो, सही करतो, चहा पितो. कॉम्प्युटरच्या खोलीला आता कुलूप असतं. तिचं दुकान वर्षभरात बसलं. मोबाइलला काचा लावायलासुद्धा लोक 'ओरिजनल आहे ना गं?' असं विचारून हसायचे. तिने ते बंद केलं आणि आष्टीला बाजारात टपरी टाकली. राहते इथेच, रोज एसटीने जाते-येते. बसस्टँडवर दिसली की मी वर्तमानपत्र उघडायचो.

या वर्षी मला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. शाळेने सत्कार केला. मुख्याध्यापकांनी भाषणात माझे गुण सांगितले आणि त्यात हेही सांगितलं, की सरांनी वेळीच सावध केलं म्हणून शाळेची फसवणूक टळली. टाळ्या झाल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभा राहिलो. घरी येताना बायको म्हणाली, "शाल भारी हाय. अंगाला खाजवत न्हाई का?"

मी शाल काढून तिची घडी घातली.

"बिल चुलीत टाकलं ते मी बघितलं होतं. लाल अक्षर अजून दिसत होतं. मला वाटलं, आज न् उद्या सांगताल. चार वर्षं झाली. आता तुमच्या ताटात वाढायचीसुद्धा शिसारी येती, पण वाढते."

दुसऱ्या दिवशी मी आष्टीला गेलो. टपरीत ती एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होती. मला बघून उठली, स्टूल पुसून दिलं. "या सर. बसा." मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कूलर, नळी, ब्रश, बिल, बैठक. ती स्क्रू काढून एका झाकणात ठेवत होती, एकही खाली पडला नाही.

"मला तवाच कळलं होतं, सर. वरून घासलं तुम्ही, पण कार्डाच्या खाचेत ब्रश पोचत न्हाई. आत सगळे क्षार होते. आमच्याही हंड्याला तेच बसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणापाशी बोलू? तुम्ही विज्ञानाचे सर."

मी हात जोडले. ती दचकली नाही, हात खाली करा असंही म्हणाली नाही. "हे मला कशाला सांगून राह्यले? मला तर माहीत होतं. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा. काम मिळावं म्हणून न्हाई, मला आता तिथलं काम नको. माझी पोरगी सातवीला हाय त्या शाळेत. तिला वर्गात 'डुप्लिकेट' म्हणतात. हजेरी घेताना एकदा मास्तरच्याच तोंडून आलं." तेवढ्यात एक गिऱ्हाईक चार्जर घेऊन आलं आणि ती त्याच्याशी बोलू लागली. माझ्याकडे तिने परत पाहिलं नाही. मी थोडा वेळ थांबून निघालो.

त्याच महिन्यात समितीची बैठक होती. मी न बोलावता गेलो आणि उभं राहून सगळं सांगितलं. त्या सदस्याचं वाक्यही सांगितलं, आणि ते ऐकून मी चिवडा खात बसलो होतो हेही. मला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. कुणीतरी निदान थू म्हणेल.

अध्यक्षांनी उठून माझे पाय धरले. "सर, केवढं मोठं मन! या वयात चूक कबूल करायची म्हणजे..."

"आजकाल कोण करतं?" दुसरा म्हणाला.

"कूलरसमोर कॉम्प्युटर!" तिसऱ्याला हसू आवरेना. "सर, आता फ्रिजमध्येच ठेवा."

"आन् ते वाक्य मी बोललो होतो का? मला तर आठवत न्हाई बुवा," तो सदस्य म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. मी म्हणालो, तिला बोलवा, तिची माफी मागा, सातवीच्या वर्गात जाऊन सांगा. "बघू, बघू," अध्यक्ष म्हणाले, "जुनं झालं सर ते. आता कशाला उकरायचं?" चहा आला. माझ्या कबुलीने माझीच किंमत वाढली होती, आणि तिला त्यातलं काहीही मिळालं नव्हतं.

निघण्याआधी मी इतिवृत्ताची वही मागितली. मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं: 'माजी विज्ञान शिक्षकांनी संगणकाच्या निगेबाबत मार्गदर्शन केले. समितीने त्यांचे आभार मानले.' मी पेन घेतला आणि त्याखाली लिहिलं, की चार वर्षांपूर्वी या समितीपुढे मी खोटं बोललो; कार्ड वापरलेलं आहे हे तिने मला सांगितलं होतं आणि बिलावर लिहूनही दिलं होतं; मशीन माझ्या चुकीने जळालं; तिच्या जातीवरून इथे बोललं गेलं, ते मी ऐकून घेतलं; तिची माफी मागावी आणि तिच्या मुलीला चिडवणं बंद करावं. खाली सही केली.

"सर, वहीत असं लिहीत नसतात," मुख्याध्यापक म्हणाले. "ही वही तपासणीला जाते."

"जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो, सातवीच्या वर्गात बोलायची परवानगी मागायला. मुख्याध्यापक वर्गावर होते. वही टेबलावरच होती. मी उघडली. माझ्या मजकुरावर एक कोरा कागद चिकटवलेला होता, कडा नीट दाबून. डिंक अजून ओला होता. मी नखाने कोपरा धरून तो सोलायला लागलो. कागद निघाला, पण अर्धी शाई त्याच्याबरोबर निघाली. 'खोटं' राहिलं होतं, 'मी' गेलं होतं. बोटं चिकट झाली. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले.

"सर, काय केलं हे? वही खराब झाली ना."

"कुणी चिकटवलं?"

"मला काय माहीत?"

"पेन द्या. मी पुन्हा लिहितो."

त्यांनी खिशाला हात लावला. पेन तिथेच होता, मला दिसत होता. त्यांनी दिला नाही.